दात्याचे राखणदार

जळगांवकडील केळीच्या बागाइतदारास ऊतिसंवर्धित रोपांची हकीकत नव्यानें सांगावयास नको. काचेच्या बाटलींत निर्जंतुक खाद्यावर वाढलेलें तें कोवळें रोप बाहेर काढतांच कोणी शेतांत लावीत नाहीं. आधीं जाळीच्या छायेखालीं कांहीं आठवडे ठेवून त्यास ऊन-वारा सोसण्याची संवय लावावी लागते. अस्थिमज्जेचें, म्हणजे हाडांतील मगजाचें, प्रत्यारोपण होऊन धुळ्यास किंवा जळगांवास परतणाऱ्या मुलाची स्थिति पुष्कळशी अशीच असते. फरक इतकाच कीं, रोपाचे शत्रु बाटलीबाहेर असतात. मुलाचे कित्येक शत्रु त्याच्या देहांतच दबा धरून बसलेले असतात.

ही गोष्ट आपल्या खानदेशास दूरची नाहीं. सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल व पावरा कुटुंबांत सिकलसेलचा रक्तक्षय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. रक्ताचा कर्करोग तर जातपात पाहून येत नाहीं. अशा कित्येक रोगांत दुसऱ्याची मज्जा हाच समूळ उपाय ठरतो. भारतांत हें प्रत्यारोपण प्रथम मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत १९८३ सालीं डॉ. सुरेश अडवाणी यांनीं एका लहान मुलीवर केलें. मज्जा तिच्या भावाची होती. आतां त्या संस्थेचें हें काम खारघरास चालतें. जळगांवाहून आगगाडीचा सुमारें सव्वाचारशें किलोमीटरांचा प्रवास, आणि पुढें कित्येक महिने परमुलुखांत बिऱ्हाड.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस वाटतें कीं, घरांत वीस माणसें असतां दात्याची वाण कशी पडेल? पण ही जुळणी नात्याच्या गोडीवर ठरत नाहीं. अर्धा वारसा आईकडून व अर्धा बापाकडून येत असल्यानें सख्खें भावंड पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक. दोन भावंडें असल्यास तो शेंकडा ४४, तीन असल्यास ५८. चुलत-मामे भावंडांची गर्दी येथें फारशी कामास येत नाहीं. आईबाप निदान अर्धे जुळतात, आणि अर्ध्या जुळणीवरही आतां प्रत्यारोपण करतां येतें. मात्र दात्याच्या लढाऊ पेशींनीं मुलाच्याच त्वचेवर, आंतड्यांवर व यकृतावर हल्ला करूं नये म्हणून त्या औषधांनीं दडपाव्या किंवा गाळून टाकाव्या लागतात. आणि मग गडावर पहारा उरत नाहीं.

शत्रु तरी कोण? सायटोमेगालो, एप्स्टाइन-बार, अ‍ॅडिनो असे विषाणु. त्यांपैकीं पहिले दोन आपणां बहुतेकांच्या शरीरांत लहानपणींच शिरतात व आमरण झोंपून राहतात. प्रत्यारोपणानंतर दोन-चार आठवड्यांत एका जातीच्या पांढऱ्या पेशी वाढूं लागतात आणि घरचीं माणसें सुटकेचा श्वास टाकतात. परंतु विषाणूंशीं झुंजणाऱ्या ‘टी’ पेशींची भरती होण्यास महिनेच्या महिने, कधीं वर्षाहूनही अधिक काळ लागतो. मूळ रोगांतून सुटलेलें मूल ह्या मधल्या काळांत फुफ्फुसाच्या दाहानें हातचें जावें, ह्यासारखें दुःख आईबापांस दुसरें नाहीं.

जुन्या खानदेशांत गांवोगांव जागल्या असे. पुष्कळदां तो भिल्ल असे, आणि धुळींतील पाऊल पाहून चोराचा माग काढण्यांत त्याचा हात धरणारा कोणी नसे. दात्याच्या रक्तांत असेच जागले असतात: पूर्वीं जो विषाणु त्यानें सोसला, त्याचें पाऊल ओळखणाऱ्या स्मरणशील टी-पेशी. मुलाकडे धाडावयाचें तें हेंच पथक, सारी फौज नव्हे. सियाटल येथील संशोधकांनीं सायटोमेगालोविरुद्धच्या पेशी दात्याच्या रक्तांतून निवडून व वाढवून तीन रुग्णांस दिल्याचें १९९२ सालीं प्रसिद्ध केलें. तीन वर्षांनीं मेम्फिसहून एप्स्टाइन-बारविरुद्धच्या अशाच उपायाची वार्ता आली. पूर्वीं ह्या पेशी वाढविण्यांत कित्येक आठवडे जात. आतां विषाणूचे तुकडे दाखवितांच ज्या पेशी चवताळतात तेवढ्याच चुंबकाच्या साहाय्यानें एक-दोन दिवसांत वेंचून घेतां येतात. परक्या दात्याच्या साठविलेल्या पेशीही वापरतात. त्या जातीच्या एका औषधास युरोपांत डिसेंबर २०२२ मध्यें मान्यता मिळाली.

परंतु आलेला आजार हटविणें निराळें आणि तो येऊंच न देणें निराळें. परक्यांच्या पेशी आधींच देऊन संसर्ग टाळण्याचा एका अमेरिकन कंपनीचा मोठा प्रयोग, यशाचें चिन्ह न दिसल्यामुळें, डिसेंबर २०२३ मध्यें बंद करण्यांत आला. स्वतःच्या दात्याच्या पेशी अधिक टिकतात, हें खरें. तरी ही कांहीं संजीवनी नव्हे. सायटोमेगालोस आरंभींच अडविणारी लेटरमोव्हिरची गोळी २०१७ पासून निघाली आहे, आणि आपल्याकडे अद्याप मुख्य भिस्त वारंवार रक्ततपासणी व औषधें ह्यांवरच आहे. वृत्तपत्रांतील मथळा वाचून डॉक्टरांशीं हुज्जत घालूं नये.

जेथें हा उपाय योजतात तेथें मज्जा देऊन झालेल्या दात्यास पुन्हां बोलावणें येऊं शकतें, आणि मग घरांत कुजबूज सुरू होते. दाता धाकटी बहीण असली तर विचारूंच नका. “पोरीची जात, उद्यां लग्नाचें पाहावयाचें, हें बाहेर कळतां कामा नये!” मला ही लपवाछपवी निंद्य वाटते. भावाला पेशी दिल्यानें मुलगी अधू होत नाहीं. दिलेलें शरीर पुन्हां भरून काढतें. पण ज्यांनीं तिचा विचार घ्यावयाचा तेही बहुधा चुकतात. आजोबा होकार देतात, काका तिकिटें काढतात, आणि जिच्या हातांत सुई जावयाची तिला शेवटीं कळतें. लहान असली तरी तिला नीट समजावून सांगावें, तिच्या शंका ऐकाव्या. तिच्या शिरेंतून रक्त यंत्रांत जाईल, हव्या त्या पांढऱ्या पेशी वेगळ्या होतील, उरलेलें रक्त परत येईल. कांहीं तास निजून राहावें लागेल, मध्यें ओंठांस मुंग्या आल्यासारखें वाटेल.

एवढा खटाटोप करून अखेर जें हातीं येतें तें चार-दोन चमचे द्रव. मुलाच्या शिरेंतून तो कांहीं मिनिटांत आंत जातो. तें बहुधा त्या वेळीं चित्रांचें पुस्तक पाहत असतें.