मूल गाडी मागते तेव्हा : एटीव्ही, विजेची गाडी की सायकल?

तेरा-चौदावे वर्ष लागले की मुलांना चाकांची ओढ लागते. ही गोष्ट आजची नाही. आपल्या गिरणगावात एकेकाळी तासाच्या भाड्यावर सायकल आणायची, गुडघे फोडून घ्यायचे आणि शिकायचे, अशी रीत होती. आज मुलांच्या डोळ्यांपुढे मोबाईलवरची जाड चाकांची चारचाकी मोटारसायकल, म्हणजे एटीव्ही असते. अलिबागकडे नागाव, काशीदच्या किनाऱ्यावर सहलीला गेलेली मुले तिच्यावर एक फेरी मारून येतात आणि घरी आल्यावर हट्ट सुरू होतो. कष्टाचे चार पैसे गाठीला असलेले आईबापही विचारात पडतात. म्हणून या प्रश्नाचा विचार येथे सविस्तर करावा असे आम्हांस वाटते.

प्रथम एटीव्हीविषयी. हे वाहन शेत, वाळू, माळरान अशा कच्च्या जमिनीसाठी बनविलेले आहे. तिच्या टायरांत हवेचा दाब फार कमी असतो आणि पुष्कळ गाड्यांची मागची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात. त्यामुळे डांबरी रस्त्यावर वळताना ती नीट वळत नाही, उलटण्याची भीती असते. वळणावर चालविणाऱ्याने आपल्या शरीराचा भार योग्य बाजूस टाकावा लागतो. लहान मुलाच्या अंगात तेवढे वजन नसते आणि तेवढी समजही नसते. चार चाके आहेत म्हणून ती सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. ज्या अमेरिकेत ही वाहने घरोघरी दिसतात, तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही सोळा वर्षांखालील मुलांनी ती चालवू नयेत असेच सांगितले आहे. शिवाय लोअर परळमध्ये ती चालवायची कोठे? ना. म. जोशी मार्गावर, गणपतराव कदम मार्गावर की सेनापती बापट मार्गावर? आणि ठेवायची कोठे? किनाऱ्यावरच्या फेरीची हौस वेगळी आणि दारात गाडी बाळगणे वेगळे.

आता कायदा पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीस सार्वजनिक जागी मोटार वाहन चालविता येत नाही. सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांना फक्त ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलची सवलत आहे, तीही परवाना काढल्यावर. सार्वजनिक जागा म्हणजे केवळ हमरस्ता नव्हे. जेथे लोकांना येण्याजाण्याचा हक्क आहे, अशी कोणतीही जागा त्यात येते. २०१९ च्या दुरुस्तीने यात पालकांना जबाबदार धरले आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या हातातील मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, हे आपण सर्वांनी वाचले आहे. ज्यांच्या घरी नोकरी हाच एकमेव आधार, त्यांनी तर हा धोका पत्करूच नये.

दुकानदार मग विजेची गाडी पुढे करतात आणि ‘हिला परवाना लागत नाही’ असे सांगतात. हे अर्धेच खरे आहे. मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि तसा मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचा दाखला असेल, तरच ही सूट मिळते. तो दाखला मागून पाहावा. पुढे वेग वाढवून घेतला की सूट संपली. शिवाय बॅटरी चाळीच्या जिन्यात किंवा दारातल्या वाटेत चार्ज करू नये. आग लागली तर बाहेर पडण्याची वाटच बंद होते.

उरते ती सायकल, आणि आमच्या मते या वयास तीच योग्य. ती घेताना रंगापेक्षा माप पाहावे. मुलाने दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहावे. दोन्ही पावले जमिनीवर पूर्ण टेकून दांडी व शरीर यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहिले पाहिजे. बसल्यावर पेडल अगदी खाली असताना टाच त्यावर टेकली की पाय सरळ व्हावा. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी सायकल घेऊ नये. सीट वर घेता येते, दांडी खाली करता येत नाही. जाड टायर आणि शॉकॲब्सॉर्बर दिसायला छान असतात, पण वजन वाढवितात, आणि सायकल जिन्याने वर न्यायची असते हे विसरू नये. ब्रेक दोन्ही चाकांचे हवेत. पावसात रिमवरचे ब्रेक उशिरा लागतात, हे मुलास आधीच समजावून द्यावे. मडगार्ड, घंटी, मागचा लाल दिवा, कुलूप आणि हेल्मेट यांसाठी ठरविलेल्या रकमेतील पाचवा हिस्सा बाजूला ठेवावा.

पैशांचे गणितही मुलासच करू द्यावे. समजा, सर्व मिळून ८,००० रुपये लागणार आहेत. निम्मे आईवडिलांनी द्यावेत, निम्मे मुलाने जमवावेत. महिना २५० रुपये साठले तर सोळा महिन्यांत ४,००० होतात. दिवाळीची व वाढदिवसाची ओवाळणी धरली तर त्याआधीच. दहा वर्षांवरील मुलास पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते, त्यास किमान ५०० रुपये लागतात. स्वतःच्या पासबुकातून घेतलेली वस्तू मूल जपून वापरते.

जुनी सायकल घेण्यातही कमीपणा नाही. मात्र मूळ बिल व चौकटीवरचा नंबर जुळतो का, जोडांवर तडा आहे का, चाक फिरविले असता वाकडे फिरते का, हे पाहून घ्यावे. आपल्या इमारतींत उंची वाढल्यामुळे धूळ खात पडलेल्या कितीतरी सायकली असतील. मंडळांनी त्यांची नोंद ठेवून त्या लहान मुलांना अल्प किमतीत मिळवून दिल्या, तर मुलांची हौस भागेल आणि गरजू घरावर कर्जाचा भार पडणार नाही. पालकांनी व कार्यकर्त्यांनी यावर जरूर विचार करावा, ही विनंती.