चित्रातली देवी कुठे आहे? ती कवडशात आहे!

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ‘एन्डिमियनची निद्रा’ नावाचं एक भलंमोठं चित्र आहे, जवळपास दोन मीटर उंच आणि अडीच मीटरहून जास्त रुंद. गोष्ट ग्रीक पुराणातली. एन्डिमियन नावाच्या देखण्या मेंढपाळावर चंद्रदेवीचा जीव जडतो. तो कधीच न संपणाऱ्या झोपेत असतो आणि ती रात्री त्याला भेटायला येते.

आता चित्रात ही देवी शोधा. सापडणार नाही. आधीचे चित्रकार तिला कपाळावर चंद्रकोर वगैरे देऊन आकाशातून उतरताना दाखवत. आन-लुई जिरोदेने १७९१ मध्ये रोममध्ये हे चित्र रंगवताना तिला गाळूनच टाकलं. डावीकडे पंख असलेला एक मुलगा हसत फांद्या बाजूला करतोय. तो वाऱ्याचं सोंग घेतलेला प्रेमदेव. त्या फटीतून चांदण्याचा कवडसा येतो आणि झोपलेल्या एन्डिमियनच्या छातीवर पडतो. तो कवडसा हीच देवी!

जिरोदे तेव्हा जेमतेम चोविशीचा होता. त्याचे गुरू जाक-लुई दाविद म्हणजे त्या काळचं बडं प्रस्थ. दाविदच्या ‘होरेशियसांची शपथ’ या चित्रात उजेड कडक आहे, प्रत्येक स्नायू कोरल्यासारखा दिसतो. गुरूची छाप पुसायचीच, असं शिष्याने ठरवलं होतं. म्हणून इथे शरीराच्या कडा धूसर आहेत, त्वचेवर निळसर रुपेरी झाक आहे आणि मागची झाडी काळोखात विरघळते. हे निरीक्षण खरंही आहे. चांदण्यात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, आकार तेवढे कळतात.

हे चित्र पॅरिसच्या सलोन प्रदर्शनात लागलं ते १७९३ मध्ये. त्याच वर्षी जानेवारीत राजाचं मुंडकं उडवलं गेलं होतं. अशा शहरात हे निवांत, थोडं चावट चांदणं लोकांना आवडलं आणि जिरोदेचं नाव झालं.

मला यातली सर्वात भारी गोष्ट वाटते ती आपली जागा. एन्डिमियन झोपलाय, सावलीत त्याचा कुत्राही झोपलाय. जागे आहेत ते प्रेमदेव आणि आपण. देवीची ही चोरटी भेट आपण चोरूनच पाहतो.

मोबाइलवर बघत असाल तर ब्राइटनेस पूर्ण वाढवा, नाहीतर तो कुत्रा दिसायचा नाही.