रांगेतला शेवटचा माणूस

जुलै महिन्यात पाऊस सह्याद्रीवर चांगला स्थिरावला की मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघात गिरिमित्र संमेलन भरतं. २००२ मध्ये सुरू झालेल्या या संमेलनाला राज्यभरातल्या गिरिभ्रमण संस्थांचे सभासद येतात. हिमालयातल्या मोहिमांची सादरीकरणं होतात, सुळक्यांवरच्या चढाया पडद्यावर दिसतात आणि ज्यांनी आयुष्याचा मोठा काळ डोंगरांना दिला त्यांचा सन्मान होतो. मला लिहायचं आहे ते याहून लहान सत्कारांबद्दल. तालुक्याच्या गावात, उपनगरातल्या शाळेच्या सभागृहात, कुणाच्या तरी गच्चीवर, संस्थेच्या वर्धापनदिनी होणाऱ्या. पन्नास-साठ माणसं, एक सतरंजी, चहा-बटाटेवडा, आणि समोर खुर्चीत अवघडून बसलेले एक काका किंवा काकू, ज्यांनी तीस-चाळीस वर्षं पोरांना डोंगर दाखवला.

असे सत्कार येत्या काही वर्षांत वाढणार आहेत, कारण हिशेबच तसा आहे. मुंबईची गिरिविहार ही संस्था १९५४ मधली. पुण्याची गिरिप्रेमी १९८२ मधली. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत गावोगावी ट्रेकिंगची मंडळं उभी राहिली. गो. नी. दांडेकरांचं दुर्गसाहित्य वाचून, त्यांच्याबरोबर किंवा त्यांच्या मागोमाग किल्ले चढून एक पिढी घडली होती. १९७७ मध्ये हरीश कापडियांचं ‘ट्रेक द सह्याद्रीज’ आलं. आनंद पाळंद्यांचं ‘डोंगरयात्रा’ आणि प्र. के. घाणेकरांची पुस्तकं सॅकमध्ये घालून पोरं निघू लागली. त्या वेळी विशी-बाविशीत असलेले सभासद आज साधारण पंचावन्न ते ऐंशीच्या दरम्यान आहेत. संस्था उभी करणारे बरेच जण अजून आपल्यात आहेत, त्यांना आठवतं आहे आणि ते बोलायला तयार आहेत. म्हणून सत्काराचा विषय आत्ताच काढायला हवा.

शिखरावर पोचलेल्यांची नोंद आपल्याकडे बऱ्यापैकी होते, आणि ती व्हायलाच हवी. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर गेले, २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली गिरिप्रेमीची एव्हरेस्ट मोहीम यशस्वी झाली, २०१९ मध्ये त्याच संस्थेचे दहा गिर्यारोहक कांचनजंगाच्या माथ्यावर पोचले. हे सगळं छापून आलं आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण ज्या संस्थेतून असे गिर्यारोहक घडतात, ती वर्षाचे उरलेले दिवस कोण चालवतं?

एक साधा दोन दिवसांचा ट्रेक घ्या. पाचनईतून हरिश्चंद्रगड. महिनाभर आधी कुणीतरी रेकी करून आलेलं असतं: वाट मोडली आहे का, ओढ्याला पाणी किती, मुक्कामाची जागा मोकळी मिळेल का. कुणीतरी सूचनापत्रक लिहितं, पैसे गोळा करतं, गाडी ठरवतं. पूर्वी मुक्कामी एसटी गाठायची असे आणि कसारा लोकलचं वेळापत्रक पाठ असलेला सभासद संस्थेची मोठी ठेव मानला जाई. ट्रेकला पुढे लीडर चालतो. सगळ्यात मागे एक जण असतो, त्याला आमच्यात ‘टेल’ म्हणतात. ज्याच्या पायात गोळे आले, ज्याचा बूट फाटला, ज्याला घसाऱ्यावर पाऊल टाकायची हिंमत होत नाही, तो हळूहळू मागे पडत टेलपाशी येतो. टेलनं चिडायचं नाही, घाई करायची नाही आणि शेवटच्या माणसाला मागे सोडायचं नाही. अनुभवी लीडर हे काम कधीही नवख्याला देत नाही. माझ्या पाहण्यातले उत्तम डोंगरकरी बहुतेक उतारवयात आपणहून टेल झाले. गडावर पोचल्यावरच्या सामूहिक फोटोतही ते क्वचितच सापडतात, कारण फोटो निघतो तेव्हा ते अजून अर्ध्या वाटेवर कुणाला तरी लिंबू सरबत पाजत असतात.

दोर सांभाळणारा माणूसही असाच. बाहेरच्याला दोर म्हणजे दोर. संस्थेत मात्र प्रत्येक दोराची नोंदवही असते, निदान असायला हवी: कधी घेतला, किती लांबीचा, कुठल्या चढाईला वापरला, त्यावर कुणी पडलं का, दगड आपटला का. सुरुवातीच्या मंडळांकडे पिळाचे नायलॉन दोर असत, ते ओले झाले की जड आणि ताठर होत. पुढे आत गाभा आणि वर विणलेलं कवच असलेले आधुनिक दोर आले. त्यांची अडचण अशी की गाभ्याला इजा झाली तरी कवच वरून शाबूत दिसू शकतं. म्हणून दर ट्रेकनंतर दोर बोटांमधून टोकापासून टोकापर्यंत सरकवत तपासावा लागतो. कुठे मऊ लागतो, कुठे चपटा, कुठे गाठाळ, ते बोटांनाच कळतं. मोठा झटका बसलेला दोर बाद करायचा. न वापरलेलाही साधारण दहा वर्षांनी बाद करायचा, असं उत्पादकच सांगतात. कमी पैशांत चालणाऱ्या संस्थेत चांगला दिसणारा दोर कापून टाकायला लावणारा सभासद लोकप्रिय नसतो. त्या हट्टामुळे किती जीव वाचले हे कधीच मोजता येत नाही. तीस वर्षं एकही अपघात नसलेल्या संस्थेच्या इतिहासात असा एखादा हट्टी माणूस शोधा. तो सापडतोच, आणि जीवनगौरवाचा पहिला मान त्याचा आहे.

या माणसांच्या डोक्यात काय साठलेलं असतं? पाण्याचंच घ्या. किल्ल्यावरचं कुठलं टाकं मार्चपर्यंत पिण्याजोगं राहतं, कुठल्यात नुसता गाळ उरतो, कुठल्याला आत झरा आहे, हे पुस्तकात एका ओळीत येतं किंवा येतच नाही. कुठल्या कड्याला आग्या मोहोळं असतात आणि तिथे शेकोटीचा धूर, अत्तर, आरडाओरडा का चालत नाही, हेही जुन्यांनाच नेमकं ठाऊक. पावसात कोरड्या दिसणाऱ्या कुठल्या नाळेत, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीत, माथ्यावरच्या सरीनं काही मिनिटांत लोंढा येतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

आणि घाटवाटा! नाणेघाट सर्वांना माहीत आहे. पण कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या लहान वाटा शेकड्यांनी होत्या. कुणी बाजाराला जाई, कुणी सोयरिकीला, कुणी गुरं घेऊन. मोटाररस्ते झाले आणि गावकऱ्यांनी त्या सोडल्या. पाच-सहा पावसाळे माणूस फिरकला नाही की कारवी माजते, दरड येते, कातळात खोदलेल्या खोबण्या मातीखाली जातात आणि वाट नाहीशी होते. त्यातल्या कित्येक वाटांवरून ऐंशीच्या दशकात शेवटची माणसं गेली ती आमच्या या संस्थांमधली. सोबत त्या गावातला एखादा म्हातारा वाटाड्या असे, तोही आता नाही. २००५ चं राष्ट्रीय नकाशा धोरण येईपर्यंत सर्वेक्षण खात्याचे तपशीलवार नकाशे या पट्ट्यासाठी सहज मिळत नसत. मग काय करायचं? वहीत हातानं नकाशा काढायचा. आंब्याचं झाड, देवीचा दगड, डावीकडची धार, दोन नाळांतली उजवी. अशा वह्या आज अनेकांच्या माळ्यावर आहेत. शेजारी स्लाइडचे डबे आहेत, त्यांवर बुरशी चढते आहे. संस्थेला बहुधा त्यांचा पत्ता नसतो आणि घरच्यांना त्यांची किंमत कळत नाही.

जुन्या सभासदांची नोंद आणि त्यांचा मान जर्मनीत कसा ठेवला जातो ते पाहण्यासारखं आहे. तिथला अल्पाइन संघ, डॉइचर आल्पेनफेराइन, १८६९ चा. आज त्याचे १४ लाखांहून अधिक सभासद आहेत आणि गावोगावच्या साडेतीनशेच्या आसपास शाखा. त्यांचं चिन्ह एडेलवाइस हे आल्प्समधलं पांढरं फूल. सभासदत्वाला २५ वर्षं झाली की शाखा समारंभ करून त्या फुलाचं, वर्षांचा आकडा असलेलं मानचिन्ह देते. मग ४०, ५०, ६०, अगदी ७० वर्षांचंही. त्यासाठी शिखर सर केलेलं असावं लागत नाही, टिकून राहिलं की पुरे. मला यात आवडते ती नोंदवही. कोण कधी आलं हे शाखेला कागदावर माहीत असतं, म्हणून कुणी विसरलं जात नाही. आपल्याकडे बऱ्याच मंडळांचं सभासद-पुस्तक मध्येच कुठेतरी थांबलेलं असतं. सचिव बदलला, कार्यालय म्हणून वापरली जाणारी खोली सुटली, कागद गेले. मग सत्कारमूर्ती निवडायची वेळ आली की कार्यकारिणीला आठवतील तीच नावं पुढे येतात. जे गावात राहिले, सभांना येत राहिले, ते आठवतात. बदलीवर गेलेला, आजारी आईसाठी ट्रेक सोडलेला, पण आधीची पंधरा वर्षं हिशेब चोख ठेवलेला खजिनदार आठवत नाही.

स्त्री सभासदांच्या बाबतीत ही विस्मृती अधिक खोल आहे. ऐंशीच्या दशकात रात्रीच्या ट्रेकला मुलगी पाठवायची तर घरच्यांना विश्वास हवा असे, आणि तो संस्थेतल्या एखाद्या ज्येष्ठ ताई घरी जाऊन मिळवत. त्या स्वतः सॅक पाठीवर घेऊन चालत, कातळटप्पे चढत. शिवाय कितीतरी संस्थांचं पहिलं कार्यालय म्हणजे कुणाचं तरी दोन खोल्यांचं बिऱ्हाड असे; रात्री अकराला पंधरा पोरं येऊन पडत आणि त्या घरची बाई सगळ्यांना पिठलं-भात वाढी. तिचं नाव सभासद-पुस्तकात नसलं तरी मानपत्रावर असायला हवं.

पायथ्याच्या गावाचंही तसंच. कळसूबाईखालचं बारी, अलंग-मदन-कुलंगखालचं आंबेवाडी, राजगडाखालचं गुंजवणे, राजमाचीवरचं उधेवाडी. या गावांतल्या मामांनी आणि मावशींनी वाट दाखवली, भाकरी घातली, पाय मुरगळलेल्याला पाठीवर घेऊन खाली आणलं. काही संस्था वर्धापनदिनाला त्यांना शहरात बोलावून गौरवतात. त्याहून बरं म्हणजे संस्थेनंच गावात जाऊन, त्यांच्या देवळासमोर, त्यांच्या माणसांदेखत सत्कार करावा.

जुन्या सभासदांचं ज्ञान किती मोलाचं असतं ते संकटात कळतं. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस शेकडो फूट दरीत कोसळली आणि ३० जण गेले. पावसात, निसरड्या उतारावर दोर लावून मृतदेह वर आणण्याचं काम महाबळेश्वर आणि पोलादपूर भागातल्या ट्रेकर्सनी केलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड आली. वर जायला मोटाररस्ता नाही. अंधारात, पावसात, चालतच चढायचं. परिसरातले गिर्यारोहक तिथेही धावले. हे बिनपगारी लोक आहेत. दोर कुठे बांधायचा, स्ट्रेचर कसं उतरवायचं, किती माणसं दरीत पाठवायची आणि कुणाला पाठवायचंच नाही, हे निर्णय घेणारी नजर एका पिढीनं दुसरीला शिकवलेली असते. शिकवणारा आज साठीपलीकडे असतो आणि बहुतेकदा खाली रस्त्यावर वॉकी-टॉकी धरून उभा असतो.

म्हणून मला वाटतं, ज्येष्ठाला शाल देऊन घरी पाठवणं हा अर्धा सत्कार झाला. उरलेला अर्धा म्हणजे त्याला काम देणं. गुडघे गेले असतील, पण बिलेची, म्हणजे चढणाऱ्याला दोरानं सांभाळण्याची, गाठ तपासायला गुडघे लागत नाहीत. नव्या लीडरची तोंडी परीक्षा घ्यायला, मोहिमेची आखणी वाचून त्यातली चूक दाखवायला, ‘या आठवड्यात ती नाळ करू नका’ असं सांगायला अनुभवच लागतो. राज्य सरकारनं ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानंतर नोंदणी, प्रशिक्षित नेते, सुरक्षेची कागदपत्रं यांची चर्चा वाढली आहे. त्यातली बरीचशी शिस्त जुन्या संस्थांनी कुणी न सांगता पाळली होती. नव्यानं ट्रेक नेणाऱ्या गटांनी ती त्यांच्याकडून शिकावी. शनिवार-रविवारी हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवर लागणारी रांग पाहिली की ही गरज किती तातडीची आहे ते समजतं.

मानपत्राबद्दलही सांगायला हवं. अनेक मानपत्रं मी वाचली आहेत. ‘सह्यपुत्र’, ‘दुर्गवेडे’, ‘धाडसाचे मूर्तिमंत प्रतीक’ अशी विशेषणं त्यांत असतात आणि नाव बदललं तर ती कुणालाही चालतात. त्याऐवजी नेमकं लिहा. कुठल्या साली आले, कुठल्या ट्रेकला पहिल्यांदा लीडर होते, कुठली वाट त्यांनी शोधली, कुठल्या सुळक्याच्या चढाईत दुसऱ्या क्रमांकावर राहून बिले दिला, किती जणांना प्रस्तरारोहण शिकवलं, कुठला ट्रेक हवामान पाहून अर्ध्यातून मागे फिरवला. हा शेवटचा तपशील विसरू नका. मागे फिरण्याचा निर्णय घेताना लीडर सर्वांत एकटा असतो, आणि त्याबद्दल त्याचं कौतुक सहसा कुणी करत नाही. असं मानपत्र लिहायचं तर त्या माणसाशी चार-सहा वेळा बसून बोलावं लागेल, जुने सोबती गाठावे लागतील, आणि त्यातूनच संस्थेचा इतिहास लिहून होईल.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या लष्करी वारशात गणल्या गेलेल्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं. त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत. त्यातल्या राजगड, साल्हेर, लोहगडासारख्या गडांवर कित्येक वर्षं टाक्यांतला गाळ काढणारे, वाटेवरचा कचरा पोत्यांत भरून खाली आणणारे हात याच मंडळांमधले होते. त्यांची नावं किल्ल्यावरच्या पाटीवर येणार नाहीत. ती निदान संस्थेच्या दप्तरात असायला हवीत.

तेव्हा वाचकहो, तुम्ही एखाद्या गिरिभ्रमण संस्थेत असाल तर या दिवाळीत एवढं करा. सर्वांत जुन्या तीन सभासदांना फोन लावा. दोन तरुण पोरं, एक वही आणि आवाज ध्वनिमुद्रित होणारा मोबाइल घेऊन त्यांच्या घरी जा. माळ्यावरच्या वह्या, हातानं काढलेले नकाशे आणि स्लाइडचे डबे मागून घ्या, त्यांच्या प्रती काढा, मूळ वस्तू त्यांना परत द्या. एक प्रत संस्थेत ठेवा, एक गावातल्या वाचनालयात. आणि तुमच्या स्वतःच्या घरी असे कुणी काका, आत्या किंवा आजोबा असतील, तर माळा आवरताना त्यांच्या वह्या रद्दीत घालण्याआधी जवळच्या संस्थेला विचारा.