दिल्लीची स्वस्त गाडी आणि आरसीवरचं नाव

आजचा भाग एका प्रश्नावर. बडोद्याच्या एका ताईंनी विचारलंय, "सर, दिल्लीत आठ वर्षांची डिझेल एसयूव्ही मिळतेय. इथल्यापेक्षा दीड-दोन लाखांनी स्वस्त. घेऊ का?"

इंदूर, नागपूर, हैदराबाद, सगळीकडून हा प्रश्न येतो. दिल्लीत भाचा नाहीतर मेहुणा असतो, तो फोटो पाठवतो. फोटोत गाडी चकचकीत असते.

आधी ती स्वस्त का, ते बघू. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात १० वर्षांपुढची डिझेल आणि १५ वर्षांपुढची पेट्रोल गाडी चालवण्यावरची बंदी कायम ठेवली. २०२५ मध्ये न्यायालयाने त्यात फेरफार केले, पण बाजाराची भीती काही गेली नाही. डिझेल गाडी सात-आठ वर्षांची झाली की मालक ती काढायच्या मागे लागतो आणि भाव पडतो. म्हणजे स्वस्ताईमागे दर वेळी लबाडी असते असं नाही. पुष्कळदा गाडी चांगलीच असते.

ती चांगली आहे का, हे बघणं वाटतं तेवढं अवघड नाही. फौजेत रोज सकाळी 'फर्स्ट परेड' असते. गाडी बाहेर काढण्याआधी ड्रायव्हर तेल, पाणी, हवा, बॅटरी, बेल्ट बघतो. आमचा एक हवालदार गाडीभोवती फेरी मारायच्या आधी जमिनीवर बघायचा. म्हणायचा, "साब, गाडी झूठ बोलती है, फर्श नहीं बोलता." जिथे गाडी रात्रभर उभी होती, तिथे तेलाचे डाग दिसतात का ते बघा.

इंजिन थंड असतानाच जा. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विचारा, आधीच कशाला चालू केली होती? तेलाचं झाकण उघडा. आत दुधाळ कॉफीसारखा थर दिसला तर तेलात पाणी जातंय का, हे मिस्त्रीकडून तपासून घ्या. सीटबेल्ट पार शेवटापर्यंत ओढा. पुरात बुडालेली गाडी बाहेरून धुतात, पण बेल्टच्या टोकाला चिखलाची रेघ राहते. डिकीतली स्टेपनी काढून खालचा पत्रा बघा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गाडी म्हणे ३० हजार किलोमीटर चाललेली, पण टायर दुसऱ्यांदा बदललेले आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत, असं असलं तर मीटरवर विसंबू नका. शेवटी चेसिस नंबर आरसीशी ताडून बघा. एक तास पुरतो. मिस्त्रीला सोबत न्या, त्याची मजुरी द्या, आणि तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

आता खरा मुद्दा. माणूस इंजिन बघतो, रंग बघतो, गाणी वाजवून बघतो. आरसी मात्र व्हॉट्सअॅपवर बघतो. माझ्या मते क्रम उलटा हवा. इंजिन बिघडलं तर पैसे जातात. कागद बिघडला तर काय होतं, ते माझ्याच बाबतीत झालेलं सांगतो.

२००४ सालची गोष्ट. दिल्लीहून ईशान्येला पोस्टिंग आली. दहा दिवसांत निघायचं होतं. सामानाच्या पेट्या भरल्या, मुलांचे शाळेचे दाखले काढले, आणि गाडी एका दलालाला दिली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, खरेदीदाराची जागा कोरी. "साहेब, ट्रान्सफर आम्ही करून घेतो." चेक वटला, मी विसरलो. तीन वर्षांनी युनिटच्या पत्त्यावर मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस आली. माझ्या नावावरच्या गाडीने एका माणसाला उडवलं होतं. मी तेव्हा दोन हजार किलोमीटरवर होतो.

तारखांना दिल्लीला जावं लागलं. कोर्टाच्या व्हरांड्यात तो माणूस कुबड्या घेऊन बसलेला असायचा. त्याच्या बायकोने एकदा विचारलं, "गाडी आपकी थी?" मी म्हणालो, बेच दी थी. ती म्हणाली, "काग़ज़ में तो आपका नाम है." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याच्या हातात गाडी होती, त्याने विमा भरलेला होता, तोही माझ्याच नावाने, म्हणून भरपाई विमा कंपनीने दिली. विमा नसता तर ती माझ्यावर आली असती. आणि कायद्याने ते बरोबरच ठरलं असतं.

हे मी मनाचं बोलत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. गाडी हातोहात विकली गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली होती. न्यायालय म्हणालं, नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. अपघातात सापडलेल्या माणसाने खऱ्या मालकाच्या शोधात दारोदार का फिरावं? व्हरांड्यातली ती बाई मला आठवते, म्हणून हा निकाल मला पटतो.

म्हणून विकणाऱ्याने कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. हस्तांतरण त्याच राज्यात असेल तर १४ दिवसांत, राज्याबाहेर असेल तर ४५ दिवसांत आरटीओला कळवायचं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. घेणाऱ्याला ३० दिवस. गाडी दिली ती तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओची अधिकृत मान्यता लागते. गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा, मग जबाबदारी त्याच्यावर जाते. मान्यतापत्र दाखवा म्हणा. जो टाळाटाळ करेल, त्याच्या दुकानातला चहा पिऊन बाहेर पडा.

घेणाऱ्याचं ओझं वेगळं. परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त आपल्याकडे ठेवली तर इथे नव्याने नोंदवावी लागते. त्यासाठी जुन्या आरटीओची एनओसी हवी, म्हणजे फॉर्म २८. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. न भरलेली चलनं आधी ऑनलाइन बघा. मग नव्या राज्याचा रोड टॅक्स. जुन्या राज्यातून उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो, पण त्याचे हेलपाटे मूळ मालकालाही घालावे लागू शकतात. ज्याचे पैसे मिळून गेलेत, तो किती उत्साहाने घालेल? कर्नाटकात २० लाखांवरच्या गाडीला हा कर १८ टक्के असतो. दीड-दोन लाखांतले किती उरतात, त्याचा हिशेब आधी मांडा. विम्याचंही तसंच. १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीबरोबर येत नाही.

बदलीची नोकरी असेल तर नवी गाडी घेताना बीएच मालिकेचा नंबर घ्या. सप्टेंबर २०२१ पासून मिळतो. फौजी, सरकारी कर्मचारी, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे नोकर पात्र आहेत. कर दोन-दोन वर्षांचा, राज्य बदललं तरी नंबर तोच. आमच्या वेळी हे असतं तर!

नव्या गाड्यांबद्दल माझं मत थोडक्यात. सनरूफसाठी लाखभर देणाऱ्यांना मी हसतो, आणि मुलीने घेतलेल्या गाडीत तोच उघडून बसतो, हेही कबूल. पण एसीचं बटण स्क्रीनच्या पोटात घालणाऱ्याला कधी माफ करणार नाही. रोज चार-पाच किलोमीटर गावातल्या गावात जाणाऱ्याने बीएस-६ डिझेल घेऊ नये. त्याचा काजळी पकडणारा फिल्टर लांबच्या पल्ल्यावर तापून साफ होतो, सिग्नलला उभं राहून तुंबतो. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आलाय. जुन्या गाडीचा मालक स्वतःचं बिल दाखवून भाव सांगेल. तुम्ही आजच्या नव्या गाडीची किंमत धरून बोला.

आता ताईंना उत्तर. त्यांना मी उलट विचारलं, महिन्याला किती चालवणार? म्हणाल्या, शाळा, बाजार आणि दिवाळीला पुणे. मग डिझेल कशाला? बडोद्यातच, एकाच मालकाची, चार-पाच वर्षांची पेट्रोल गाडी शोधा. दिल्लीचीच घ्यायची असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

परवा त्यांचा फोन आला. पेट्रोल गाडी मिळालीय, बडोद्याचीच. मालक वयस्कर गृहस्थ आहेत, सगळ्या सर्व्हिसची बिलं फाइलला लावलेली. मी विचारलं, बोजा उतरवलाय का? म्हणाल्या, "ते बघायचं राहिलं, सर." सोमवारी बघून कळवणार आहेत. तोवर बयाणा देऊ नका, असं सांगितलंय.