दही-ताक आणि त्वचेचा दाह



शिवारफेरीत पिकाचे बोलणे संपले की घरचे प्रश्न निघतात. मुलाच्या कोपराच्या लवणीत इसब आहे, दही-ताक बंद करावे की वाढवावे, हा त्यांपैकी एक. मी पीकशास्त्राचा शिक्षक. पण विरजण म्हणजेही जीवाणू-संवर्धनच, जसे आपण बियाण्याला रायझोबियम लावतो.

विरजणातील जीवाणू दुग्धशर्करेचे लॅक्टिक आम्ल करतात व दूध गोठते. दही खाल्ल्यावर यांतील काही जीवाणू आतड्यात जिवंत पोहोचतात. आतड्यालगत रोगप्रतिकारक पेशींचा मोठा साठा असतो. इसब आणि सोरायसिसमध्ये प्रतिकारयंत्रणेचाच तोल बिघडून त्वचा लाल होते, खाजते. म्हणून दह्याने दाह शमेल, असा तर्क मांडला जातो.

तर्क चांगला आहे, परंतु चाचण्या काय सांगतात? फिनलंडमध्ये गरोदर मातांना व नंतर बाळांना एक ठराविक लॅक्टोबॅसिलस जीवाणू दिला गेला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षे वयाला २३ टक्के मुलांना इसब होता. जीवाणू न दिलेल्या गटात ४६ टक्के. मात्र हा प्रयोग इसब होऊ नये यासाठी होता. झालेल्या इसबावरील ३९ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये घेतला, तेव्हा अशा जीवाणूंनी फारसा फरक पडत नाही असे दिसले. शिवाय घरच्या विरजणात कोणता जीवाणू किती, हे सांगता येत नाही. मालदांडीच्या चाचणीवरून आपण संकरित ज्वारीची शिफारस करीत नाही, तसेच हे.

'दूध सोसत नाही' या तक्रारीची दोन कारणे असतात. दुग्धशर्करा पचत नसेल तर दही बहुधा सोसते. दुधातील प्रथिनांचे वावडे असेल तर दहीही चालत नाही, कारण ती प्रथिने दह्यात राहतातच. दूध-दह्यानंतर अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील किंवा धाप लागत असेल, तर मुलाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

एरवी सोसत असलेले ताजे दही ऐकीव माहितीवरून तोडू नये. वाढत्या मुलाचे त्यात नुकसान आहे. शिळ्या, फार आंबट दह्यात हिस्टामीन वाढलेले असू शकते व काहींची खाज त्याने वाढते. शंका आल्यास काय खाल्ले व खाज कधी वाढली, हे दोन-तीन आठवडे वहीत टिपावे आणि वही डॉक्टरांना दाखवावी. मलम मध्येच सोडू नये. चिरलेल्या, ओलसर इसबावर दही मुळीच चोळू नये. त्याने आग होते.