तिसरी घंटा झाली, फोन अर्धवट होता

९ जानेवारी २००७. सॅन फ्रान्सिस्कोचं मॉस्कोनी सेंटर. काळा टर्टलनेक घातलेले ॲपलचे स्टीव्ह जॉब्स सांगतात, आज तीन वस्तू आणल्यात: आयपॉड, फोन आणि इंटरनेटचं यंत्र. हीच नावं ते घोळवत राहतात. हळूहळू प्रेक्षकांच्या ध्यानात येतं, वस्तू तीन नाहीत, एकच आहे. सभागृह टाळ्यांनी दणाणतं.

हातातला आयफोन मात्र धड तयार नव्हता. चमूतले अभियंते अँडी ग्रिग्नन यांनी पुढे हे उघड केलं. गाण्याचा तुकडा वाजायचा, अख्खं लावलं तर यंत्र आडवं. आधी ईमेल, मग इंटरनेट, हा क्रम चालायचा. उलटा केला की घोटाळा. म्हणून कशानंतर काय दाखवायचं, याची वाट आखून ठेवली होती आणि जॉब्सनी पाच दिवस तालीम केली. मेमरी संपली तर बदलायला मंचावर जादा फोन होते. रेंजच्या दांड्या तर पडद्यावर कायम पाच, प्रत्यक्षात असोत नसोत!

ही खोड जुनी. १९८४ साली कूपर्टिनोत पिशवीतून निघालेला मॅकिंटॉश संगणक स्वतःच बोलला, पण त्या बोलक्या यंत्रात ५१२ किलोबाइट मेमरी होती. ग्राहकाला मिळाली १२८. याला नाटक म्हणायचं की फसवणूक? आयफोनपुरतं तरी नाटक म्हणावं लागेल. तो २००७च्या जूनअखेरीस खरोखर दुकानांत आला.

जॉब्स यांचं नेपथ्य स्वस्त असे. २००१ मध्ये आयपॉडमधल्या पाच गिगाबाइटच्या डिस्कचं त्यांनी ‘खिशात हजार गाणी’ केलं. २००८ मध्ये मॅकबुक एअर हा लॅपटॉप निघाला तो कचेरीतल्या साध्या पाकिटातून. जाडीचे आकडे त्यापुढे फिके.

प्रयोग पडलेही. १९९७ मध्ये बोस्टनला मायक्रोसॉफ्टची ॲपलमधली १५ कोटी डॉलरची गुंतवणूक जाहीर करताना बिल गेट्स महाकाय पडद्यावर अवतरले. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि खाली जॉब्स बोटाएवढे दिसले. आपली ही सर्वांत वाईट मांडणी, हे त्यांनीच नंतर कबूल केलं.

मॉस्कोनीत तसं घडलं नाही. जॉब्स पडद्यावर बोट फिरवत होते, तेव्हा ग्रिग्नन आणि सहकारी प्रेक्षकांत बसले होते, सोबत स्कॉचची बाटली. ज्याचा भाग सुखरूप पार पडे, तो एक घोट घेई. शेवटचा भागही निभावला, तेव्हा बाटली रिकामी होती.