कुत्र्याचा सांधा आणि मूलपेशी

चाकणच्या कारखान्यात यंत्राचे बेअरिंग झिजले, की कारागीर ते काढून नवे बसवतो. म्हाताऱ्या कुत्र्याच्या खुब्याचा सांधा झिजला तर? सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आहे. पण ती अवघड आणि खर्चिक.

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि मध्ये वंगणासारखा द्रव. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. म्हणून कातडीवरची जखम भरते, तशी कूर्चेची झीज सहसा भरून येत नाही. सांधा सुजतो, दुखतो आणि कुत्रा लंगडू लागतो.

येथे मूलपेशींचा विचार पुढे आला. या पेशी अस्थिमज्जेत आणि चरबीत सापडतात. प्रयोगशाळेत त्यांच्यापासून हाडाच्या व कूर्चेच्या पेशी तयार करता येतात. पिंपरीहून जवळच, पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातही मूलपेशींवर संशोधन चालते. मग अशा पेशी सांध्यात टोचल्या, तर नवी कूर्चा तयार होईल काय?

प्रत्यक्षात घडते ते निराळेच. टोचलेल्या बहुतेक पेशी थोड्याच काळात नाहीशा होतात. मात्र तोवर त्या रासायनिक संदेश पाठवून दाह कमी करतात. त्या स्वतः भिंत बांधणारे गवंडी नसून, इतरांना कामाला लावणारे मुकादम आहेत! या पेशींना ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव 1991 साली अमेरिकन शास्त्रज्ञ आर्नल्ड कॅप्लान यांनी रूढ केले. 2017 साली त्यांनीच ते बदलावे, असे सुचविले.

उपयोग होतो हे ठरवायचे कसे? 2007 साली अमेरिकेत 21 कुत्र्यांवर चाचणी झाली. काहींना पेशी टोचल्या, काहींना नुसते द्रावण. कोणाला काय दिले, हे मालकांना आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक नव्हते. पेशी मिळालेल्यांचे लंगडणे कमी झाले. ही गुप्तता का? कारण आशेने पाहणाऱ्याला सुधारणा दिसतेच. पायाचा जमिनीवरील जोर यंत्राने मोजून 2012 साली हे दाखविले गेले: औषधच न दिलेली कुत्रीही मालकांना बरी वाटत होती!

युरोपात 2022 साली कुत्र्यांसाठी असे एक औषध मंजूर झाले. त्यातील पेशी घोड्याच्या नाळेतून घेतलेल्या असतात! मंजुरी आहे ती वेदना व लंगडणे कमी करण्यासाठी, नवा सांधा घडविण्यासाठी नव्हे. म्हणून कुत्र्याचे वजन आटोक्यात ठेवणे आजही तितकेच महत्त्वाचे. आणि कोणी हमखास गुण सांगू लागला, तर विद्यार्थी मित्रांनो, एवढेच विचारा: तुलना कशाशी केली?